बोलावणारीचा पगार

“बाई, अगल्या महिन्यापासून मी काही येणार नाही. तुम्ही दुसरी पाहून ठेवा.”

पगाराचा दिवस होता. मुली घरी गेल्या होत्या. भागूबाईने मिळालेले चार रुपये पदराच्या टोकाला बांधले आणि ओसरीच्या पायरीवर उभी राहून हे सांगितले. मी हजेरीपट मिटवत होते. मी एवढेच विचारले, “का?”

“इंदुरात, छावणीत, एका साहेबाच्या बंगल्यावर आया पाहिजे. दहा रुपये, अन् दोन वखत जेवण. पोर किती, तर एक.” तिने एक बोट वर केले आणि स्वतःच हसली. “एकच पोर, बाई! दुपारी ते झोपून राहिलं की मी काय करू? भिंती मोजू?”

आमच्या बिगरीत तेव्हा चाळीसएक मुली होत्या. बिगरी म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग. चार-पाच वर्षांच्या मुली, अक्षरओळख नसलेल्या, नाक पुसायला शिकवण्यापासून सुरुवात करायची. तो सगळा वर्ग एकटी भागूबाई सांभाळत असे. पण कागदावर ती शिक्षिका नव्हती. कागदावर ती ‘बोलावणारी’ होती.

ज्यांच्या गावात मुलींची शाळा नाही त्यांना हा हुद्दा ठाऊक नसेल. आमच्याकडे बऱ्या घरची मुलगी एकटी रस्त्याने चालत नाही. म्हणून सकाळी एक बाई घरोघर जाते, दारात हाक मारते, मुलींना गोळा करते आणि रांगेने शाळेत आणते. संध्याकाळी तशीच परत पोहोचवते. ही बोलावणारी. तिचा पगार शिपाई, पाणक्या आणि झाडूवाली यांच्याबरोबर निघतो. ह्या सर्वांना मिळून दरबारी बोलीत शागिर्दपेशा म्हणतात. शाळा दरबारची नसली तरी आमच्या कमिटीने शब्द तिथलेच घेतले होते.

भागूबाईचे काम दारात मुली सोडण्याचे होते. पण ती निघाली की लहान मुली रडत, पदर सोडत नसत. मग ती थोडा वेळ बसू लागली. बसल्यावर नुसते काय बसायचे, म्हणून चिंचोके मांडून आकडे शिकवू लागली. तिला स्वतःला लिहिता-वाचता येत होते, तिचा नवरा दरबारच्या घोड्यांच्या पागेत होता आणि त्याने शिकवले होते. होता होता सगळी बिगरी तिची झाली. हे सर्व मी येण्यापूर्वी झालेले. एकदा इंदूरच्या एका मडमेने शाळा पाहिली आणि चिंचोके पाहून ती फार खूष झाली. त्या वर्षीच्या रिपोर्टात कमिटीने छापले, ‘आमचे येथे किंडरगार्टनचा वर्ग आहे.’ वर्ग आहे, हे छापले. कोण चालवते, ते छापले नाही.

मी मूळची धारची. वडील तिथे मुलकी कचेरीत आहेत. इंदूरच्या एका मिशनच्या इंग्रजी शाळेत मी शिकले. लग्न आणि त्यानंतरचे इथे सांगण्याचे कारण नाही. देवासला मामांकडे राहून ह्या शाळेत असिस्टंट मिस्ट्रेस म्हणून काम करते. वरच्या वर्गांना बापूमास्तर शिकवतात, मधल्यांना मी. चार माणसांपुढे मला बोलता येत नाही. मामी म्हणते, “ही आधी इंग्रजीत बोलते पोटात, मग मराठीत ओठांत. तोवर समोरचा उठून जातो.” ते खरे आहे.

त्या दिवशी मात्र मी भागूबाईला बसवून घेतले. ती जाण्यामागे आयाची नोकरी नव्हती, मैना होती.

मैना तिची मुलगी. आमच्याच शाळेत दुसरीत होती. तोंडी हिशेबात ती तिसरीच्या मुलींना मागे टाकी आणि मग जीभ बाहेर काढून दाखवी, म्हणून मार खाई. भागूबाईचा दीर टोंकखुर्दला शेती पाही. नवरा गेल्यापासून तो वर्षाचे धान्य पाठवत असे. यंदा त्याने गाडी पाठवली नाही, निरोप पाठवला. पोरगी इकडे पाठवा, मग धान्य. तिथे मुलींची शाळा नव्हती. स्थळ मात्र पाहून ठेवले होते.

“चार रुपयात दोन पोटं धान्याबिगर नाही भरत,” भागूबाई म्हणाली. “पोर गेल्यावर मी इथं चारात एकटी कशाला राहू? अन् बंगल्यावर पोर ठेवू देत नाहीत. म्हणजे मी तिकडे, ती तिकडे.”

“आणि इथे किती मिळाले तर राहाल?”

तिने विचार करायला वेळ घेतला नाही. तो हिशेब तिने आधीच केला असावा. “आठ. आठ झाले तर मी कशाला जाऊ? मैना शिकेल. तुमच्यासारखी बाई व्हायचं म्हणते, येडी.”

मला महिना वीस होते. मी म्हटले, वरचे चार मी देते. तिने मान हलवली. “मग मी तुमची नोकर झाली, बाई. शाळेची काय झाली?”

मी घरी जाऊन कमिटीला अर्ज लिहिला.

अर्ज मी आधी इंग्रजीत लिहिला, मग मराठीत उतरवला. बोलावणारी व बिगरीची शिक्षिका ही दोन कामे आहेत, दुसऱ्या कामाचा पगार तिला कधीच मिळालेला नाही, सबब तिचे नाव शागिर्दपेशातून काढून शिक्षकांत घालावे आणि आठ रुपये द्यावेत. एवढ्यावर थांबायला हवे होते. पण मिशनच्या शाळेत आम्हांला शिकवले होते की शिफारस करताना माणसाच्या स्वभावाविषयी दोन शब्द लिहावेत. म्हणून मी लिहिले, ‘ती मुलींना पोटच्या मुलींप्रमाणे मायेने वागवते.’ वाक्य चांगले उतरले म्हणून मला बरेही वाटले.

कमिटीचे सेक्रेटरी वकील होते. सारे त्यांना वकीलसाहेब म्हणत. मनुष्य वाईट नव्हता. माझ्याशी बोलताना ते समोरच्या भिंतीकडे पाहत, मला संकोच होऊ नये म्हणून. मलाही भिंतच सोयीची होती.

“बाई, अर्ज वाचला. मागणी गैर आहे असे मी म्हणत नाही,” ते भिंतीला म्हणाले. “पण दाखला कुठे आहे?”

दाखला म्हणजे पूर्वी कुठे असे घडल्याचे उदाहरण. वकिली धंद्यात त्यावाचून पान हलत नाही.

“तुम्ही धारच्या ना? धारेस बिगरीच्या बाईला काय देतात, पाहून या. दाखला असला की कमिटीपुढे बोलता येते.”

होळीपासून रंगपंचमीपर्यंत माळव्यात सगळे बंदच असते. मामांना धारेस काम होते. त्यांच्याबरोबर मी टांग्याने गेले. वाटेत पळस फुलले होते आणि धुळीने डोळे चुरचुरत होते. घरी पोहोचल्यावर वडिलांनी सगळे ऐकून घेतले. ते म्हणाले, “दाखला मागणारा माणूस बहुधा ‘नाही’ म्हणायला आधार शोधत असतो. पण गेलीस तर बघून ये.”

धारेस एक लहान खाजगी कन्याशाळा होती. शाळेला सुट्टी, म्हणून मी हेडमास्तरांच्या घरीच गेले. त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितले की त्यांच्याकडे बिगरी उत्तम चालते. चालवणारी त्यांची विधवा बहीण. मुली तिला आत्या म्हणतात.

“त्यांना पगार किती?” मी विचारले.

“पगार?” ते हसले. “घरचीच आहे हो.”

आत्याबाई आत पुरणाचा घाट घालत होत्या. मी त्यांच्यापाशी जाऊन बसले. त्याही आधी तेच म्हणाल्या, “मला कशाला पगार? दादा दोन वेळा जेवू घालतो. घरात बसून वाती वळण्यापेक्षा बरे, दिवस जातो.” मग बाहेर दाराची कडी वाजली. हेडमास्तर बाहेर पडले होते. आत्याबाईंनी पाटा धुतला, पदराला हात पुसले आणि माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाल्या, “पण तुमच्या त्या बाईला आठ मिळाले, तर मला कळवा हो. दादाला नको. मला.”

असा दाखला घेऊन मी देवासला परत आले. वकीलसाहेबांना खरे तेच सांगितले की धारेस बिगरीला पगारी बाई नाही.

“म्हणजे फुकट?” त्यांनी पहिल्यांदाच भिंत सोडून माझ्याकडे पाहिले. “बघा. आणि आपण चार तरी देतो.”

इथे देवासविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे समजणार नाही.

देवास हे गाव एक आणि राज्ये दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. टेकडीखाली एकच बाजार, पण रस्त्याची ही बाजू एका पातीची, ती बाजू दुसऱ्या पातीची. बाहेरच्या माणसाला ही गंमत वाटते. आम्हांला ती रोजची आहे. दरबारांचे दरबार जाणोत, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोकांत सदा ईर्षा. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी वर्गणी काढून मुलींची एकेक शाळा घातली, तीही समोरासमोर. आमची कोणत्या बाजूची, ते मी लिहीत नाही. त्यांनी शाळेत घड्याळ लावले, तर आमच्या कमिटीने त्याहून मोठे आणले. आमच्या बक्षीस समारंभाला बँड आला, तर त्यांच्या समारंभाला बँड आणि वर शोभेचे दारूकाम. दोन्ही सेक्रेटरी वकील, दोघे एका कोर्टात उभे राहणारे, पण एकमेकांच्या ओसरीवर पाय न ठेवणारे.

भागूबाईने मला सांगितले होते की समोरच्या शाळेचा शिपाई दोनदा तिच्याकडे येऊन गेला. “आमच्याकडे बिगरी रडते, तुम्ही येता का,” असे विचारून. ती म्हणाली होती, “इथल्या पोरी सोडून तिथल्या पोरींचे शेंबूड पुसू? शेंबूड तर सारखाच.” आणि हसण्यावारी नेले होते. मला ते आता आठवले.

कमिटीची बैठक शाळेच्याच मधल्या खोलीत भरली. मला चिकाच्या, म्हणजे बांबूच्या काड्यांच्या, पडद्यामागे खुर्ची दिली होती. बाहेरचे मला दिसत, मी त्यांना दिसत नसे. अशा वेळी मला पडदा आवडतो, हे मी कबूल करते.

वकीलसाहेबांनी अर्ज वाचायला घेतला. ‘पोटच्या मुलींप्रमाणे मायेने’ ह्या ठिकाणी ते थांबले. कमिटीत एक कापडाचे व्यापारी होते, शेठजी. त्यांनी तेवढाच शब्द उचलला.

“वाहवा! माया! मग बाईच लिहून राहिल्या की ती आई आहे. अरे भिया, आईला कोणी पगार देतो का? माझ्या आईने सात पोरं वाढवली, तिने कधी माझ्या बापाकडे अर्ज नाही केला.”

सगळे हसले. वकीलसाहेबही. मी चिकाच्या काड्यांकडे पाहत बसले. शेठजी पुढे म्हणाले, “आठ रुपयात तर माझा गुमास्ता राबतो. अन् दसऱ्याला लुगडं देतो ना तिला?”

मग बापूमास्तरांचे मत विचारले. बापूमास्तर म्हातारे, शाळेत सर्वांत जुने. भागूबाईविषयी त्यांना आदर होता. बिगरीतून आलेल्या मुलींचे अक्षर सुधारावे लागत नाही, असे ते मला नेहमी सांगत. ते उठले.

“बाई चांगली आहे. पण साहेब, माझा पगार किती वर्षे तोच आहे, ते आपल्याला ठाऊक आहे. दोनदा विनंती केली, पैसा नाही म्हणालात. आता बोलावणारीचे दुप्पट करायला पैसा निघाला, तर मी काय समजावे?”

त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता. खरे तेच ते बोलले. पण कमिटीला तेवढे पुरले.

“पाहिलंत?” वकीलसाहेब चिकाकडे वळून म्हणाले. “एकाचे वाढवले की सगळे उभे राहतात. मास्तरांचे नाही वाढले आणि बोलावणारीचे वाढले, हा अन्याय नाही का होणार?”

अन्याय हा शब्द त्या बैठकीत एकदाच आला, तो असा.

आता अर्ज बाजूला ठेवणार, हे दिसत होते. मी बोलले. पडद्यामागून माझा आवाज मलाच परका वाटला. “समोरच्या शाळेने भागूबाईंना विचारले आहे.”

“कधी?” वकीलसाहेबांनी विचारले.

“दोनदा. त्या गेल्या नाहीत.”

“हे तर गैर झालं,” शेठजी म्हणाले. पान चघळायचेही विसरले. “आमचं किंडरगार्टन पळवतात? रिपोर्टात छापलंय आम्ही!”

दोघेतिघे एकदम बोलू लागले. आठ काय, नऊ देऊ, पण तिकडे जाऊ देणार नाही, असेही कोणी म्हणाले. वकीलसाहेबांनी विषय दोन दिवस तहकूब ठेवला. त्यांचा चेहरा गंभीर होता. मी घरी जाताना भागूबाईला वाटेत गाठले आणि म्हटले, “थोडे थांबा. जमेलसे वाटते.” मैना पलीकडे सागरगोटे खेळत होती. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिले. माझ्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली होती. रस्त्याच्या दोन बाजू भांडतात, हे मला ठाऊक होते. त्या कशावर भांडत नाहीत, ते ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा शिपाई किसन धापा टाकत आला.

“बाई, आज तर कमाल झाली! आपले वकीलसाहेब तिकडच्या वकीलसाहेबांकडे गेले. पायी! रस्ता ओलांडून! लोक दुकानातून उठून पाहून राहिले. अन् चहा पण पिले.”

“भांडण झाले?”

“नाही ना! हसून राहिले होते दोघे. तिकडच्यांनी पान लावून दिलं, आपल्यांनी खाल्लं.”

काय ठरले, ते वकीलसाहेबांनी मला स्वतः बोलावून सांगितले. ते प्रसन्न होते. भिंतीकडेही पाहत नव्हते.

“बाई, तुम्ही वेळेवर लक्षात आणून दिलेत, फार चांगले झाले. मी जाऊन प्रत्यक्षच बोललो. गृहस्थ समंजस आहेत, उगाच आजवर दुरावा होता. त्यांनाही हीच काळजी होती की आम्ही वाढवले तर त्यांना वाढवावे लागेल. मग त्यांनी वाढवले की पुन्हा आम्हांला. ह्याला अंत कुठे? तेव्हा असे ठरले की त्यांनी आमची बोलावणारी घ्यायची नाही, आम्ही त्यांची घ्यायची नाही, आणि दोन्हीकडे पगार चारच राहायचा. लेखी करायचीही गरज पडली नाही. शब्दावर झाले.”

मी बाहेर ओसरीवर आले. मोठे घड्याळ कोणाचे, पहिला बँड कोणाचा, सण आदल्या दिवशी करायचा की दुसऱ्या, अशा कितीतरी गोष्टींवर ह्या दोन कमिट्यांचे जमले नव्हते. एका बाईचे चार रुपये न वाढवण्यावर एका चहात जमले.

भागूबाईला मी बिगरीच्या खोलीत सांगितले. मुली दुपारच्या सुट्टीत बाहेर होत्या. ती चिंचोके गोळा करून मडक्यात भरत होती. हात थांबले नाहीत.

“चला, त्यांचं भांडण तर मिटलं,” ती म्हणाली. “इतकी वर्षं टेकडीवरच्या देवीला नाही जमलं ते माझ्या आठ रुपयांनी केलं.”

“मी पुन्हा बोलते. मोठ्या माणसांपर्यंत अर्ज नेता येईल.”

“कधी? दिराची गाडी सोमवारी येते, बाई.”

मी पुन्हा माझ्या पगारातून देण्याविषयी बोलले. ह्या वेळी ती चिडली. तिला चिडलेली मी पहिल्यांदा पाहिली. “तुम्ही कशाला द्याल? मी तुमच्या पोरी सांभाळते का? ज्यांच्या सांभाळते त्यांनी द्यावं. नाही दिलं तर नाही. पण तुम्ही द्याल, अन् ते म्हणतील, पाहा, झालं की काम.” मग एकदम आवाज खाली आणला. “तुम्ही चांगल्या आहात. पण हे नका करू.”

सोमवारी सकाळीही तिने घरोघर जाऊन मुली गोळा केल्या, रांगेने आणल्या. दीर बैलगाडी घेऊन शाळेच्या कोपऱ्यावर उभा होता. तो दांडगा किंवा क्रूर दिसत नव्हता. उन्हात उभा राहिलेला थकलेला माणूस होता. त्याने मला नमस्कार केला आणि म्हणाला, “बाईसाब, पोरगीला आमच्याकडे खायला कमी नाही.” मी म्हटले, “तिला हिशेब फार चांगला येतो.” तो म्हणाला, “बरं आहे. दूध मोजेल.” तो थट्टा करत नव्हता.

मैना गाडीत बसायला तयार नव्हती. ती दुसरीच्या वर्गात जाऊन आपल्या जागेवर बसली. पाटी पुढे घेऊन, मान खाली घालून. मी वर्गात होते. भागूबाई दारात आली. तिने एकदा हाक मारली, मग दुसऱ्यांदा. रोज सकाळी दुसऱ्यांच्या दारात मारायची तीच हाक. तिसऱ्यांदा मैना उठली. पाटी शाळेची होती, ती तिने माझ्या टेबलावर आणून ठेवली. माझ्याकडे पाहिले नाही. मला वाटले, काहीतरी बोलावे. पोटात शब्द जुळेपर्यंत ती बाहेर पडली होती.

त्यानंतरचे थोडक्यात सांगते. भागूबाई छावणीत गेली. तिची खबर मला मामांच्या एका ओळखीच्याकडून मिळते. साहेब-मडम तिच्यावर खूष आहेत, आता बारा देतात. एका मुलाचे बारा. मैनेचे त्याच वैशाखात लग्न झाले. मला त्याचे अक्षता-आमंत्रण आले नाही, येण्याचे कारणही नव्हते.

बिगरी आठ दिवसांत निम्मी झाली. बोलावणारी नाही, म्हणून मुली येत नाहीत, आल्या तर बसत नाहीत. कमिटी घाबरली. किंडरगार्टन रिपोर्टात छापलेले, मडम पुन्हा यायची होती. कमिटीने मुंबईहून किंडरगार्टनची पेटी मागवली. रंगीत लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, वेगवेगळ्या आकारांच्या काड्या. सामान सुंदर आहे. भागूबाईला वर्षभर चार रुपये वाढवून देण्यापेक्षा पेटीला अधिक पैसे पडले. मी हे बोलून दाखवले, तर वकीलसाहेब म्हणाले, “बाई, पेटी एकदा घेतली की झाले. पगार दर महिन्याला असतो.” मुली खराब करतील म्हणून पेटी कुलपात आहे. पाहुणे आले की काढतो.

बापूमास्तरांचा पगार अजून तोच आहे. मध्यंतरी एकदा ते मला म्हणाले, “त्या दिवशी मी बोललो नसतो तर?” मी म्हटले, “तरी तेच झाले असते.” मला तसेच वाटते. त्यांना पटले की नाही, कळले नाही.

गेल्या महिन्यात नवी बोलावणारी मिळाली. सोनाबाई. तरुण आहे, सालस आहे, विधवा आहे, चार रुपये. पहिल्याच दिवशी तिने बिगरीच्या मुली आणल्या. ती निघाली तशा दोघीतिघींनी तिचा पदर धरला आणि रडायला लागल्या. ती परत वळली, जमिनीवर फतकल मारून बसली आणि एकीला मांडीवर घेतले. सगळी खोली शांत झाली.

मी तिसरीचे वाचन घेत होते. पुस्तक ठेवून मी दाराशी गेले आणि तिला बाहेर बोलावले. ती त्या मुलीला कडेवर घेऊन आली.

“बसू नका,” मी म्हटले.

“रडतात हो, बाई.”

“रडू द्या. मुली दारात सोडायच्या आणि घरी जायचे. संध्याकाळी न्यायला यायचे. तुमचे काम तेवढेच ठरले आहे.”

“घडीभर बसले तर काय बिघडतं?”

“काही बिघडत नाही. सगळे सुरळीत होते. म्हणूनच बसू नका.”

तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेचा अर्थ मला कळला. मूलबाळ नसलेल्या बाईकडे असे पाहतात. मग तिने कडेवरच्या मुलीला खाली ठेवले, पदर सोडवून घेतला आणि ती गेली.

मी कमिटीकडे बिगरीसाठी शिक्षिका मागितली आहे. ह्या वेळी अर्जात स्वभावाचे वर्णन नाही, कोणाचे नाव नाही. मुली आहेत, शिकवायला कोणी नाही, एवढेच लिहिले आहे. आमच्या कामात एखादी गोष्ट कोणी एकदा मायेने करू लागले की तिचा पगार पुढे कोणी ठरवत नाही, हे मी शिकले. त्यासाठी आधी ते काम कोणी न करता पडलेले दिसावे लागते.

कमिटीची खोली बिगरीला लागून आहे. बैठक दर शनिवारी सकाळी, शाळा भरलेली असताना होते. गेले दोन शनिवार रडणे इतके होते की वकीलसाहेबांना दार लावून घ्यावे लागले. मी दोन्ही वेळा तिसरीला वाचायला लावले आणि जागेवरून उठले नाही. त्या मुली पाच वर्षांच्या आहेत आणि त्यांनी कोणाचे काही वाईट केलेले नाही. हे मला ऐकू येते.